विसाच्या खालची नोंद

प्रणिता तायडेनं पडद्यावरून सगळ्यात पहिल्यांदा काढून टाकली ती दातांच्या फोटोंची चौकट.

अकोल्याच्या हरवलेल्या व्यक्ती जुळवणी केंद्रात तेव्हा सहा ऑपरेटर होते. एका बाजूला घरच्यांनी दिलेल्या तक्रारी आणि दुसऱ्या बाजूला दवाखाने, आश्रयगृहं, शवागारं इथून आलेल्या अनोळखी माणसांच्या नोंदी. संगणक दोन्ही बाजू ताडून पाहायचा आणि साम्याला शंभरपैकी गुण द्यायचा. पण ‘हाच तो माणूस’ असं ठरवायचं काम माणसाचंच होतं. काही वर्षांपूर्वी अशाच तक्रारींची माहिती इंटरनेटवर फुटली होती. ‘तुमचा मुलगा आमच्याकडे आहे’ असे खोटे फोन घराघरांत गेले, आणि मग कायदाच आला, की ही माहिती कुठल्याही जाळ्याला जोडायची नाही. म्हणून २०३९ सालीही त्या ऑफिसात टेबलाखाली ठेवलेले जुन्या धाटणीचे संगणक होते, आणि त्यावर ‘शोधिका’ नावाचा डेटाबेस चालायचा. नव्या नोंदी रोज सकाळी मोहोरबंद डिस्कवर यायच्या.

शोधिकेचा मूळ पडदा म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी रकाने. त्यात जखमांची यादी, दातांचे फोटो, पाण्यात किती दिवस होता याचा अंदाज, सगळं एकाच आकाराच्या अक्षरांत. ऑपरेटर वर्ष-दीड वर्षापलीकडे टिकत नसत. प्रणिताच्या शेजारच्या टेबलावर बसणारा इरफान शेख चार वर्षं टिकला होता, पण एका दुपारी तो डबा उघडून तसाच बसून राहिला. घास हातात.

“ताई,” तो म्हणाला, “मला भाकरीत पण ते दिसतंय.”

प्रणिता ऑपरेटर नव्हती. शोधिकेचे फॉर्म, याद्या, बटणं केंद्राच्या गरजेप्रमाणे बदलून देणं हे तिचं काम. त्या दुपारनंतर तिनं राज्याच्या संचालनालयाकडून शोधिकेच्या पडद्यावर चढवायचा ‘सुसह्य’ नावाचा थर मागवून घेतला.

सुसह्यची कल्पना सोपी होती. मॉनिटरच्या डोक्यावर बसवलेला छोटा कॅमेरा तुमच्या डोळ्यांची बाहुली पाहतो. माणूस दचकला, घाबरला की बाहुली मोठी होते. नको ते समोर आलं की नजर निसटते, पापणी जास्त वेळा लवते. हे सगळं सेकंदात साठ वेळा मोजून कॅमेरा एक आकडा काढतो, ताणाचा आकडा. तुम्ही काय पाहत असताना तो चढला, हे थर लक्षात ठेवतो. आठ-दहा दिवसांत त्याला तुमची सवय होते, आणि मग पडदा हळूहळू बदलू लागतो. जे टोचतं ते लहान होतं, बाजूला सरकतं, दुमडलं जातं. तुम्ही कधीच न पाहिलेली नोंद आली, तरी ती आधी टोचलेल्या नोंदींसारखी आहे का, याचा तो अंदाज बांधतो. प्रत्येक ऑपरेटरचा पडदा वेगळा. लॉगिन केलं की ज्याचा त्याचा.

पण थराला हद्द आखून द्यावी लागते, आणि ती प्रणितानं आखली. कुठले रकाने कधीच लपवायचे नाहीत, ते तिनं ठरवलं: वय, उंची, लिंग, जन्मखुणा, चेहरा, असे बारा. बाकीचे थराला दुमडायची मोकळीक. सगळ्यात शेवटचा ‘शेरा’ हा रकाना तिनं दुमडता येणाऱ्यांत टाकला. शेऱ्यात लोक वाटेल ते लिहायचे, तो गुणांत धरला जात नसे आणि वाचायला फार वेळ जायचा. गुण दशांशात दिसत, ७१.४६, ६८.९२ असे, पडदा गिचमिड दिसायचा, म्हणून तिनं ते पूर्णांकात केले. मग खूप नोंदींचे गुण सारखे झाले. सारख्या गुणांत वर कोणाला ठेवायचं? तिनं नियम लिहिला: गुण सारखे असतील, तर कमी ताण देणारी नोंद आधी. एका पानावर वीस नोंदी. एका फाइलमागे एका वेळी एक पान.

महिनाभरात केंद्राचं रूप पालटलं. ऑपरेटर दुप्पट फाइली हातावेगळ्या करू लागले. इरफान पुन्हा जेवू लागला, आणि एकदा त्यानं घरून शीरखुर्मा आणून सगळ्यांना वाटला. संचालनालयानं प्रणिताची आखणी जशीच्या तशी राज्यातल्या बावीस केंद्रांना पाठवली.

एक फाइल मात्र प्रणिता स्वतः चालवायची. तिच्या धाकट्या भावाची, सुमेधची.

सुमेध हरवला तेव्हा अडतीस वर्षांचा होता. मनाच्या आजारानं त्याची शाळेतली नोकरी गेली होती. महिन्यातून एकदा ती त्याला मोठ्या दवाखान्यात औषधाला न्यायची. त्या दिवशी खिडकीवरच्या बाईनं टॅबवर नवा फॉर्म भरायला सांगितला. प्रणितानं तो भरला, दहा मिनिटं लागली असतील, आणि मागे वळून पाहते तर बाकावर त्याची पिशवी होती, तो नव्हता. त्याला तीन वर्षं झाली. घरच्या माणसाची फाइल दुसऱ्या ऑपरेटरनं चालवावी असा नियम होता. प्रणितानं ती कोणाला दिली नाही. दर सोमवारी सकाळी ती त्याची फाइल उघडायची, वीस अनोळखी पुरुष पाहायची आणि वीसही नाकारायची. घरी गेल्यावर आई विचारायची,

“काही लागलं काय वं?”

“नाही आई.”

“बरं.”

अंगणवाडीत तीस वर्षं काढलेली ती बाई. त्यापुढे काही बोलायची नाही.

मार्चमध्ये प्रणिताचे डोळे आले. शहरात साथच होती. डॉक्टरांनी थेंब दिले, काळा चष्मा लावायला सांगितला आणि चार दिवस घरी बसा म्हणाले. दोन दिवसांनी सोमवार आला आणि ती काळा चष्मा लावून ऑफिसात गेली.

तिनं सुमेधची फाइल उघडली. नेहमीसारखी वीस माणसं आली. ती एकेक पाहत होती, तेवढ्यात पडदा एकदम हलला. रकाने उलगडले, अक्षरं बारीक झाली, गुणांपुढे दशांश आले. तिला क्षणभर वाटलं, मशीन बिघडलं. मग लक्षात आलं. काळ्या काचेमागे कॅमेऱ्याला बाहुली सापडत नव्हती. दहा मिनिटं बाहुली सापडली नाही तर थर बाजूला होतो आणि शोधिकेचा मूळ पडदा येतो. सुरक्षेसाठी ही सोय तिनंच ठेवली होती.

यादी आता खऱ्या गुणांप्रमाणे लागली होती. तिसऱ्या क्रमांकावर एक माणूस होता. ७१.४६. ही नोंद तिनं कधी पाहिली नव्हती. केंद्रात आल्याची तारीख मात्र अकरा महिन्यांपूर्वीची.

फोटोत दाढी वाढलेला, गालफडं बसलेला माणूस. तिनं त्याला ओळखलं नाही. खाली मूळ पडद्याप्रमाणे सगळे रकाने ओळीनं होते, आणि शेवटी शेरा. तो तिनं डोळे पुसून वाचला.

‘स्वतःचे नाव सुमा सांगतो. आडनाव सांगत नाही. बहीण अकोल्याला कंप्युटरवर हरवलेली माणसे शोधते असे वारंवार सांगतो. ती मला शोधेल म्हणतो. कृपया चौकशी व्हावी.’

खाली तारखा होत्या. आश्रयगृहानं तोच शेरा दर महिन्याला नव्यानं पाठवला होता. दहा वेळा.

घरी त्याला सुमाच म्हणायचे.

“इरफान,” ती म्हणाली. “इकडे ये.”

इरफाननं खुर्ची ओढली आणि वाचलं. मग त्यानं तिच्या लॉगिनची नोंदवही उघडली. कुठली नोंद केव्हा कितव्या क्रमांकावर दाखवली, हे शोधिका लिहून ठेवत असे. पूर्णांकात एकाहत्तर गुण मिळालेल्या अडतीस नोंदी होत्या. त्या अडतीसांत, प्रणिताला सगळ्यात जास्त ताण देईल अशी जी नोंद, ती थरानं शेवटी ठेवली होती. दर सोमवारी नाकारलेले वीस यादीतून जायचे, पण रोजच्या डिस्कमधून नवी माणसं यायची, वरची वीस भरायची, आणि तो खालीच राहायचा. चाळिसावा. सदतिसावा. एकदा एकविसावा.

“थराला कसं कळलं, ताई?” इरफान म्हणाला. “फोटोवरून तर आपल्यालाही ओळखू येत नाही.”

“त्याला काही कळलं नाही. अशा वयाचा, अशा बांध्याचा, सुमेधसारखा हनुवटीवर व्रण असलेला माणूस आला की माझे डोळे कसे होतात, तेवढं त्याला माहीत होतं.”

आश्रयगृह नवापूरजवळ होतं, गुजरातच्या सीमेला लागून. तिनं फोन लावला, लागला नाही. त्याच दुपारी ती भुसावळच्या गाडीत बसली. आईला तिनं फक्त नंदुरबारला कामासाठी जाते असं सांगितलं. गाडीत तिनं दोनदा पिशवी उघडून पाहिली. एक नवा शर्ट, त्याच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी, चिवड्याची पुडी. शर्ट मोठा होईल, हे तिला जळगाव गेल्यावर सुचलं.

सकाळी ती पोचली. साध्या पत्र्याच्या चार खोल्या, समोर धुतलेलं अंगण. आश्रयगृह चालवणाऱ्या सिस्टर रोशनी वळवी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. त्यांनी प्रणिताचं नाव ऐकलं, कुठून आली ते ऐकलं, आणि हातातली बादली खाली ठेवली.

“तुम्ही सुमाच्या ताई?”

“हो.”

“बसा.”

“कुठे आहे तो?”

“बसा ना तुम्ही आधी.”

प्रणिता बसली नाही. सिस्टर वळवींनी तिचा दंड धरला.

“एकोणीस फेब्रुवारीला गेला. फुप्फुसात पाणी झालं होतं. नंदुरबारला नेलं, आठ दिवस होता तिथे. मी होते जवळ.”

तेवीस दिवस झाले होते.

सिस्टर वळवी हळूहळू सांगत राहिल्या. तो सुरतेच्या गाडीतून उतरवलेला माणूस होता. तापानं फणफणलेला. बरा झाला, गोळ्या घेऊ लागला. तीन-चार महिन्यांनी पुष्कळ चांगला होता. अंगण झाडायचा, बाकीच्यांना पाढे शिकवायचा. आडनाव मात्र कधी सांगितलं नाही, फोन नंबर आठवायचा नाही.

“दर महिन्याच्या पहिल्या तारखेला येऊन विचारायचा, पाठवलं का, सिस्टर? मी म्हणायचे, पाठवलं रे. मग म्हणायचा, आता येईल. तिच्याकडे खूप माणसं आहेत ना, नंबर लागायला वेळ लागणार.” सिस्टरांनी बादली भिंतीकडे सरकवली. “दिवाळीनंतर विचारायचा बंद झाला. मी आपली पाठवत होते.”

“आम्हाला मिळत होतं,” प्रणिता म्हणाली.

सिस्टर वळवींनी तिच्याकडे पाहिलं.

“सगळ्यांना जयभीम घालायचा. म्हणून गावातल्या एका बौद्ध मास्तरांना बोलावलं. त्यांनी वंदना म्हटली. आम्ही केलं नीट, ताई. तेवढं घरी सांगा.”

अकोल्याला ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. आई स्वयंपाकघरात खाली बसून अंबाडीची भाजी निवडत होती. प्रणिता तिच्यासमोर बसली. गाडीत ती रात्रभर वाक्यं जुळवत आली होती, पण आता तोंडातून निघालं ते भलतंच.

“आई, मी ऑफिसात जो थर बसवला होता ना, त्याच्यात एक गोष्ट राहिली. गुण पूर्णांकात केले मी. दशांश काढून टाकले. मग खूप जणांचे सारखे झाले. सारखे झाले की कोणाला वर घ्यायचं, त्याचा नियम…”

“काय सांगतं हे तू मले?”

“ऐक ना. नियम असा होता, की ज्याच्यानं बघणाऱ्याला त्रास होईल…”

ती बोलत राहिली. वीस नोंदी, शेऱ्याचा रकाना, कॅमेरा. आईचे हात भाजीवर थांबले होते. ती मुलीच्या तोंडाकडे बघत होती. प्रणिता ‘म्हणून मग अकरा महिने’ असं म्हणाली, तेव्हा आईनं तिला अडवलं.

“गेला काय माहा सुमा?”

प्रणितानं मान हलवली.

आई रडली नाही. तिनं भाजीची परात बाजूला सरकवली, भिंतीला हात लावून उठली आणि आतल्या खोलीत गेली. संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी होती. मूर्तिजापूरला भावाकडे जाते म्हणाली. प्रणितानं सोडायला येते म्हटलं, तर तिनं नुसता हात केला.

इरफाननं मधल्या दिवसांत एक तोडगा काढून ठेवला होता. तो त्यानं प्रणिताला चहाच्या टपरीवर सांगितला, ऑफिसात नाही.

“पुढच्या आवृत्तीत दशांश परत आणा. शेरा बारांच्या यादीत घाला. आखणीत सुधारणा म्हणून पाठवा. कोणाला विचारायची गरजही पडणार नाही.”

“आणि आतापर्यंत जे खाली राहिले, ते?”

“ताई, तुमचा भाऊ गेला. आणखी किती ओढवून घेता अंगावर?”

“तू तुझी नोंदवही पाहिलीस का?”

इरफाननं कप ठेवला. त्यानं पाहिली नव्हती. त्याला चार वर्षांची मुलगी होती, शिफा. ऑफिसात गेल्यावर त्यानं स्वतःच्या लॉगिनवर थर बंद केला आणि यादी उघडली. विसाच्या खाली राहिलेल्या, थर बसवल्यापासूनच्या दोन वर्षांत एकदाही न उघडलेल्या नोंदी. त्यातल्या अकरा पाच वर्षांच्या आतल्या मुली होत्या. त्यानं पहिली उघडली. दुसरी उघडली. तिसरीला तो उठला, टेबलाच्या खणातून आपला डबा आणि चाव्या घेतल्या.

“मला ते पुन्हा नाही बघवणार, ताई,” तो दारातून म्हणाला. “तुम्ही बंद करा थर, बंदच करायला पाहिजे. पण मग मी नाही येणार.”

तो खरंच आला नाही.

प्रणितानं बावीस केंद्रांना आणि संचालनालयाला पत्र लिहिलं. त्यात तिनं चार गोष्टी मांडल्या: पूर्णांक, सारख्या गुणांचा नियम, वीसची मर्यादा, शेऱ्याचा रकाना. प्रत्येक गोष्टीपुढे ‘निर्णय माझा’ असं लिहिलं. ऑपरेटरांचा यात दोष नाही, हे शेवटी लिहिलं. उत्तरादाखल चौकशी बसली. कधीच न उघडलेल्या नोंदींचा हिशेब लागला तो तीन हजार एकशे चाळीस. सुसह्य थर सगळीकडून काढला गेला. तीन महिन्यांत बावीस केंद्रांतले एकोणपन्नास ऑपरेटर सोडून गेले. गोंदियाच्या एका बाईनं तिला फोन करून विचारलं, “आम्ही पण माणसंच आहोत ना, मॅडम? आमचं काय करायचं?” प्रणितानं फक्त ऐकून घेतलं.

आखणीचं काम तिच्याकडून काढून घेतलं. तिनं ऑपरेटरची जागा मागितली. ती लगेच मिळाली, कारण दुसरं कोणी मागत नव्हतं. इरफानच्या टेबलावर ती बसू लागली. एकशे चौऱ्याऐंशी रकाने. सकाळी दहा ते दुपारी दोन, मग अर्धा तास गॅलरीत उभं राहायचं, मग पुन्हा. दातांचे फोटो ती पाहायची. शेरा मोठ्यानं वाचायची, म्हणजे एकही शब्द सुटायला नको. पहिले काही आठवडे उलट्या व्हायच्या. नंतर उलट्या थांबल्या, पण जेवण गेलं ते गेलंच.

जुळलेल्या नोंदीच्या घरी फोन करणं हेही आता ऑपरेटरकडे आलं होतं. जिवंत सापडल्याचे फोन सोपे असतील, असं तिला वाटलं होतं. रिसोडच्या एका म्हाताऱ्यानं “आम्ही तर त्याचं सगळं करून मोकळे झालो हो” म्हणून फोनवरच हंबरडा फोडला. एका बाईनं नाव ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. पुन्हा केला तर बंद.

आई मूर्तिजापूरलाच होती. प्रणिता रविवारी जायची. आई दार उघडायची, पाणी द्यायची, ताट वाढायची, आणि भावजयीशी बोलत बसायची. मुलीशी एक शब्द नाही. असं ऑगस्टपर्यंत चाललं.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला ऑफिसात फोन वाजला. आईचा होता.

“कामात आहेस काय?”

“नाही. बोल ना आई.”

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता.

“मामा सांगत होता, लोकाइले फोन तूच करतेस म्हणून.”

“हो. मीच करते.”

“गेलेल्याइच्या घरी पण?”

“हो.”

“मले सांगितलं तसं नको सांगत जाऊ कोणाले.”

प्रणितानं कपाळ तळहातावर टेकवलं. समोर पडद्यावर पातूरच्या एका मुलाची नोंद उघडी होती. एकोणीस वर्षांचा, शवागाराच्या नोंदीशी जुळलेला. खाली घरचा नंबर होता, आणि तो नंबर ती सकाळपासून तीनदा अर्धा फिरवून बसली होती.

“मग कसं सांगू, आई?”

“आधी नाव घे त्याचं,” आई म्हणाली. “मंग गेला म्हण. मंग गप बस. त्याइले जे विचाराचं ते विचारू दे. मशीनचं नंतर.”

“बरं.”

“आता कोणाले कराचा आहे?”

“पातूरला. एक मुलगा आहे.”

“नाव काय?”

प्रणितानं नाव वाचलं. आईनं ते एकदा स्वतःशी म्हटलं, आणि फोन ठेवला नाही.

“कर,” ती म्हणाली. “त्या दुसऱ्या फोनवरून कर. मी आहो इकडे.”

प्रणितानं टेबलावरचा दुसरा फोन जवळ ओढला आणि नंबर फिरवला. चौथ्या घंटीला पलीकडे एका बाईनं हॅलो म्हटलं.